टेरिफिक म्हणजे चांगलं की वाईट?

निवांत_नागपूरकर: मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण विचारतोच. परदेशातल्या क्लायंटची मेल आली, "टेरिफिक जॉब, टीम!" आणि मी आपला टेरर, टेररिस्ट असं जुळवत बसलो, म्हटलं आता काय मोडलं आपण, अर्धा तास जुना कोड उघडून तपासतोय आणि तिकडे मॅनेजर सगळ्यांसाठी समोसे मागवतोय. बरं, मग एका जुन्या इंग्रजी पुस्तकात "टेरिफिक स्टॉर्म" वाचलं, त्यात तर जहाज बुडालं! समजायचं काय नक्की?

शब्दकिडा: जुळवणी बरोबरच होती हो तुमची. लॅटिनमध्ये टेरेरे म्हणजे घाबरवणं, टेरर, टेरिबल, टेरिफिक सगळी त्याचीच पोरं. इंग्रजी कवी मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यात (1667) सापाच्या आयाळीला टेरिफिक म्हटलंय, तिथे सरळ भीतीदायक. मग वादळं, स्फोट, वेग यांना लावून लावून 'प्रचंड' झालं, आणि 'झकास' हा अर्थ त्याच्याही बऱ्याच नंतर चिकटला. हॉरिफिक बिचारा तिथेच राहिला, त्याला कोणी वर काढलंच नाही, तेव्हा मेलमध्ये या दोघांची गफलत करू नका 😀

आमटीभात: आपल्याकडे काय वेगळं आहे? आमची आजी "भयंकर गोड झालाय गं शिरा" म्हणते आणि वाटी परत पुढे करते. आणि भाच्याला आवडलेली प्रत्येक गोष्ट "खतरनाक".

शब्दकिडा: @आमटीभात अगदी! भयंकरचं आणि टेरिफिकचं नशीब एकच.

रिटायर्ड_मास्तर: पुढे कोणता शब्द आहे ते बघावं. जॉब, आयडिया, न्यूज असेल तर शाबासकी. स्पीड, स्टॉर्म, एक्स्प्लोजन असेल तर प्रचंड, जोरदार. "व्हेरी टेरिफिक" शक्यतो लिहू नये, त्यात व्हेरी आधीच आलंय, "अ‍ॅब्सोल्यूटली टेरिफिक" खुशाल लिहा. उच्चारात जोर मधल्या 'रि'वर. आणि हो, गाडी दोन तास लेट आहे कळल्यावर कोणी सुस्कारा टाकून नुसतं "टेरिफिक" म्हणालं तर तो टोमणा असतो, आपण "वा, छान!" म्हणतो ना, तसा.

निवांत_नागपूरकर: धन्यवाद सगळ्यांना. मास्तर, काल माझ्या हातून सर्व्हर बंद पडला तेव्हा मॅनेजर हेच म्हणाला होता. मी त्याला थँक्यू म्हटलं 🤦