नवरात्राचा उपास आणि शुगर : तुमच्या घरी काय झालं?

आमच्या दर्यापूरकडे घटस्थापना आणि सोयाबीनची सोंगणी एकदमच येतात. नऊ दिवस उपास, अन् तेच नऊ दिवस वावरात वाकून काम. माझ्या आईला अकरा वर्षांपासून शुगर आहे. मागच्या वर्षी पाचव्या माळेला तिनं ग्लिमेपिराईडची गोळी रोजच्यासारखी घेतली आणि कपभर चहावर वावरात गेली. अकराच्या सुमारास हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, शेजारणीला भलत्याच नावानं हाक मारली. बायांना वाटलं, अंगात आलं. एकीनं तर कुंकू लावून पाया पडायला सुरुवात केली! मी मीटर घेऊन पोचले तेव्हा आकडा होता ५२. सत्तरच्या खाली गेली की लगेच साखर द्यायची, एवढं मला माहीत होतं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ८१.

ही गोळी पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन सोडायला लावते. हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. आणि त्याच रात्री साबुदाण्याची उसळ, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू खाऊन आकडा २८६. एका दिवसात दोन टोकं. म्हणून विचारते आहे. गोळी कोणती, काय खाल्लं, आकडा किती, आठवेल तेवढं लिहा.

आर्णीकडचे एक शेतकरी
मले फक्त मेटफॉर्मिन हाये. उपासानं मले कधी भोवळ आली नाही. माहा त्रास उलटा. एकादशी अन् दुप्पट खाशी! दोन वाट्या उसळ खाल्ली का दोन तासानं २७० च्या वर. साबुदाणा म्हंजे निरा स्टार्च, डॉक्टरनं सांगतलं. आता एक वाटी भगर, दाण्याची आमटी, काकडी अन् ताक घेतो, त १९० च्या आत राह्यते. पण भगर बी मोजूनच खा लागते, हे ध्यानात ठेवजा.

बाळापूर तालुका, वडिलांसाठी लिहितो
अब्बा इन्सुलिन घेतात, रोजेही धरतात. रमजानच्या महिनाभर आधीच आम्ही डॉक्टरांना भेटतो. सकाळचा मोठा डोस इफ्तारला जातो, सहेरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, कमी केलेला. त्यांनी ठरवून दिलंय: ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडायचा, मग मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला, दहा मिनिटं का उरली असेनात. बोटातून रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही, हे मौलानांनी स्वतः सांगितल्यावरच अब्बा दुपारी तपासू देतात. एकदा चार वाजता ६४ आली. अब्बांनी खजूर खाल्ला आणि रडले. त्या दिवशी आम्हा भावंडांनाही इफ्तारचा घास गिळवला नाही.

वाशीमहून, सून
आत्याबाईंनी 'उपासात गोळी चालत नाही' म्हणून नऊही दिवस गोळ्या बंद ठेवल्या. सातव्या दिवशी ३८४. सारखी तहान, रात्री पाच वेळा उठणं. पायाची जखम दिवाळीपर्यंत भरली नाही.

भंडारा जिल्हा, आशा सेविका
हरतालिकेच्या निर्जळ उपासाचं कोणी लिहिलं नाही, म्हणून सांगते. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर पाण्याविना उपास फार धोक्याचा. अंगातलं पाणी कमी होतं, चक्कर येते. माझ्या भागातल्या बायांना मी सणाच्या आठवडाभर आधी गोळ्यांची पाकिटं घेऊन दवाखान्यात नेते. नुसतं 'शुगरची गोळी' म्हटलं तर डॉक्टरांना तरी काय कळणार?

दर्यापूर, पुन्हा मीच
सगळं आईला वाचून दाखवलं. अब्बांच्या खजुराशी ती बराच वेळ थांबली. यंदा तिनं उठता-बसता उपास धरायचं कबूल केलं आहे, पहिली माळ आणि शेवटची. त्या दोन दिवसांची सकाळची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आहे. बाकीचे दिवस भाकर खाऊनच वावरात. आणि सोंगणीला जाताना पदराच्या गाठीत साखरेची पुडी. शेजारणीलाही ती कशासाठी आहे हे सांगून ठेवलंय.