एकसष्टाव्या वर्षी एव्हरेस्ट बेस कॅम्प, कोणी गेलंय का?

साताऱ्याच्या_बाई

नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येते. वय ६१, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर. २०१२ ला पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची पोरं एव्हरेस्टवर गेली तेव्हा वर्गात फळ्यावर लुक्ला, नामचे, बेस कॅम्प असा सगळा रस्ता काढून पोरांना शिकवला होता, तेव्हापासून डोक्यात किडा आहे. शिखराचं सोडा हो, तेवढं वेड नाही लागलेलं, पण बेस कॅम्पपर्यंत आपल्या पायांनी जायचंय.

तब्येत म्हणाल तर बीपीची एक गोळी चालू आहे, शुगर नाही, गुडघे अजून तरी कुरकुरत नाहीत. अजिंक्यतारा जवळजवळ रोज चढते, अधूनमधून जरंडेश्वर. कळसूबाई झालंय. पण हिमालयात ट्रेक म्हणून कधी पाऊल टाकलेलं नाही, केदारनाथला गेले होते तेवढंच.

घरात दोन पार्ट्या आहेत. आमचे हे म्हणतात तू जा, मी कुकर लावायला शिकलोय. मुलगा पुण्याहून रोज फोन करून आई वय बघ, आई ऑक्सिजन, आई त्यापेक्षा युरोप टूर करू. सून काही बोलत नाही पण तिने मला गुपचूप बुटांची लिंक पाठवलीय.

आता प्रश्न. ऑक्टोबर बरा की एप्रिल? ग्रुपबरोबर जावं की स्वतंत्र गाईड? बीपीची गोळी चालू असताना उंचीवर काही लफडं होतं का? ती उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स की काय ती गोळी सगळ्यांनी घ्यायचीच असते का? आणि हे जरा लाजत विचारते, संडास-बाथरूमची काय सोय असते? ज्यांनी साठीनंतर केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, पंचविशीतल्या मुलांचे व्हिडिओ बघून कंटाळले, ते सगळे पळतच असतात.

ठाण्याचा_पेन्शनर

ताई आधी अभिनंदन, निम्मं काम तुमच्या ह्यांनी केलेलं आहे.

मी ६४ व्या वर्षी गेलो होतो, दोन मित्र बरोबर, दोघेही साठीच्या पुढचे. आम्ही मुद्दाम ग्रुप घेतला नाही. ठराविक तारखेच्या ग्रुपमध्ये पंधरा-वीस माणसं असतात, त्यातली बरीचशी तुमच्या मुलाच्या वयाची, आणि ती वाईट नसतात हो, पण पुढे जाऊन चहा पिऊन तुमची वाट बघत बसतात आणि तुम्ही पोचलात की "चला" म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज त्यालाच ती मिळत नाही. काठमांडूतून रजिस्टर्ड एजन्सीकडून एक गाईड आणि दोघांत एक पोर्टर असं घ्या, दोन-तीन समवयस्क माणसं जमली तर खर्चही फार वाढत नाही. आमचा गाईड दिवसभर एकच शब्द म्हणायचा, बिस्तारै, म्हणजे सावकाश.

उंचीचं गणित नीट समजून घ्या कारण सगळा खेळ तिथेच आहे. लुक्ला २८६० मीटर, नामचे ३४४०, डिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४०, गोरक्षेप ५१६४ आणि बेस कॅम्प ५३६४. म्हणजे कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर, आणि इथे ट्रेक सुरूच होतो त्याच्या बाराशे मीटर वर. बहुतेक कार्यक्रमात नामचे आणि डिंगबोचेला एकेक जादा रात्र असते. तुम्ही तिसरी जादा रात्र मागा, आणि शिवाय लुक्लाहून परतायला दोन दिवस हातात ठेवा, कारण तिथली विमानं हवा बिघडली की उडत नाहीत म्हणजे नाहीत. ती धावपट्टी जेमतेम अर्ध्या किलोमीटरची आणि तीही उतारावर, पायलट हवेशी वाद घालत बसत नाही आणि ते आपल्या भल्याचंच आहे. सीझनमध्ये विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, त्यासाठी रात्री एक-दोनला उठून चार-पाच तास घाटातून गाडी. मला विचाराल तर सगळ्या ट्रेकमधला सगळ्यात त्रासदायक भाग तोच.

नामचेच्या आधी हिलरी ब्रिज ओलांडला की जवळपास ६०० मीटरची सलग चढण आहे. तुमच्यासाठी सांगायचं तर दोन अजिंक्यतारे एकावर एक. तुम्ही चढाल, पण साताऱ्यात लावता त्या स्पीडच्या निम्म्याने चढा. बोलताना धाप लागली तर तुम्ही फास्ट चालताय.

आमच्यातल्या एकाला लोबुचेला डोकं धरलं, जेवण नको झालं, सकाळी उलटी. तो म्हणत होता आता एकच दिवस राहिला, जाऊ. गाईडने ऐकलं नाही, त्याच्याबरोबर पोर्टर देऊन खाली फेरिचेला पाठवलं, तिथे सीझनमध्ये डॉक्टर असतात. दुपारी हा गडी सूप पीत तिथल्या गोऱ्या बाईला वडापाव कसा करतात ते सांगत होता. औषध काय तर खाली उतरणं. आम्ही दोघं बेस कॅम्पला जाऊन आलो, तो गेला नाही आणि आजही आमच्या कट्ट्यावर सगळ्यात जास्त एव्हरेस्टच्या गोष्टी तोच सांगतो.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. खुंबूमध्ये, म्हणजे एव्हरेस्टच्या त्या भागात, प्राणी मारत नाहीत, मटण खालून पाठीवर वाहून येतं आणि किती दिवसांचं असतं ते देवाला ठाऊक, त्यामुळे मांसाहारी लोकसुद्धा वर शाकाहारी होतात. दाल भात मागा, परत परत वाढतात. लसणाचं सूप. उकडलेले बटाटे आणि बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी, यावर मी जगलो. रोकड नामचेपर्यंतच काढून घ्या, त्यावर एटीएम नाही. मोबाईल चार्जिंग, गरम पाणी, वायफाय सगळ्याचे वेगळे पैसे आणि जसं वर जाल तसा भाव वर.

डॉ_नाशिककर

फिजिशियन आहे, स्वतः ट्रेक करतो. इथून प्रिस्क्रिप्शन देणार नाही, पण काही गोष्टी सांगतो त्या तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा.

वय जास्त म्हणून उंचीचा त्रास जास्त होतो असं नाही. उलट तरुण पोरं जोरात जातात आणि आडवी होतात. वयाचा प्रश्न हृदयाचा आहे. जाण्याआधी ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट आणि हिमोग्लोबिन करून घ्या. बीपी कंट्रोलमध्ये असेल तर गोळी चालू असणं ही काही अडचण नाही, पण गोळी कोणती ते महत्त्वाचं. बीटा ब्लॉकर असेल तर चढताना नाडी हवी तेवढी वाढत नाही, दम लवकर लागतो आणि मनगटावरच्या घड्याळाचा आकडा बघून उगाच समाधान होतं. लघवी वाढवणारी गोळी असेल तर डायमॉक्सही तेच काम करतं, दोन्हींमुळे अंगातलं पाणी कमी होतं. उंचीवर सुरुवातीला बीपी थोडं वाढतंही, म्हणून छोटं मशीन बरोबर ठेवा. आणि आपल्या मनाने गोळी वाढवणं किंवा बंद करणं दोन्ही नको.

डायमॉक्स सगळ्यांनी घ्यायलाच पाहिजे असं नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. घ्यायची ठरली तर घरी एक-दोन दिवस घेऊन बघा, बोटांना मुंग्या येतात, तिथे पहिल्यांदा आल्या की माणूस घाबरतो. झोपेची गोळी मात्र वर नको.

डोकेदुखी, मळमळ इतपत असेल तर तिथेच थांबा, आणखी वर जायचं नाही. सरळ रेषेत पावलासमोर पाऊल टाकून चालता आलं नाही, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्याजागी धाप आणि खोकला असेल तर रात्र असो की पाऊस, खाली. हे तुमच्यापेक्षा तुमच्या जोडीदाराला माहीत हवं, कारण ज्याला होतं त्याला वाटत असतं मी ठीक आहे.

कोकणकडा_प्रेमी

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. एव्हरेस्ट बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसतच नाही हे किती जणांना माहीत असतं? त्यासाठी वेगळं काला पत्थर चढावं लागतं, तेही पहाटेच्या थंडीत. बेस कॅम्प म्हणजे दगड, बर्फ, पताका आणि फोटोसाठी रांग. लोक नावासाठी जातात. त्यापेक्षा अन्नपूर्णा बेस कॅम्प करा, ४१३० मीटर, म्हणजे बाराशे मीटरने कमी, पोखऱ्यापर्यंत आरामात जाता येतं, लुक्लाच्या विमानाची कटकट नाही, आणि चारी बाजूंनी डोंगर अंगावर येतात. पहिल्या हिमालयन ट्रेकला डायरेक्ट ५३०० मीटर कशाला?

मुलुंडची_मीरा

@कोकणकडा_प्रेमी, आईला अन्नपूर्णाला घेऊन गेले होते म्हणून लिहिते. उंची कमी हे खरं, पण पायऱ्या! छोमरोंगला दगडी पायऱ्या उतरायच्या, नदी ओलांडायची, परत चढायच्या, आणि येताना तेच उलट. आईचा दम एकदाही कमी पडला नाही, गुडघे बोलले. झिनूच्या गरम कुंडात पाय टाकून बसली ते उठायला तयार नाही. तेव्हा सोपा ट्रेक वगैरे काही नसतं, तुमची अडचण दम आहे की गुडघे ते बघून ठरवा. आणि वसंतात देउरालीच्या पुढे हिमस्खलनाचा भाग आहे, तिथे जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बरं.

बाई, संडासाचं मी सांगते कारण पुरुष मंडळी ते एका ओळीत उडवतात. खालच्या लॉजमध्ये खोलीला जोडून कमोडसुद्धा मिळतो. वर गेलं की कॉमन, बऱ्याच ठिकाणी भारतीय पद्धतीचा, ड्रममधलं पाणी सकाळी गोठलेलं, त्यावरचा बर्फ मगाने फोडायचा. फरशीवर सांडलेल्या पाण्याचाही बर्फ होतो, रात्री तिथेच लोक घसरतात, ट्रेकवर नाही. त्यामुळे हेडलॅम्प उशाशी, बूट घालूनच जायचं, मोजे-चप्पल नाही. रात्री उठायला लागू नये म्हणून पाणी कमी पिऊ नका, संध्याकाळपर्यंत भरपूर पिऊन घ्या. टिश्यू स्वतःचे न्या. आंघोळ नामचेनंतर विसरा, ओले वाइप्स स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा नाहीतर तेही गोठतात.

गडी_गावाकडचा

जपानचे युइचिरो मिउरा २०१३ मध्ये ८० व्या वर्षी एव्हरेस्टच्या शिखरावर गेले. मुलाला ही बातमी पाठवा. उतरताना ते कॅम्प दोनवरून हेलिकॉप्टरने आले हा भाग पाठवू नका. 😄

साताऱ्याच्या_बाई

एवढं सगळं एका दिवसात! डॉक्टर, गोळीचं पाकीट बघितलं, अम्लोडिपिन आहे. स्ट्रेस टेस्टची वेळ घेतलीय. मीराताई, बर्फ फोडायचा मग वाचून आमचे हे म्हणाले आता कुकर नक्की शिकतो, पण मला बोलवू नकोस.

कोकणकडावाले, तुमचं म्हणणं पटतं हो, नाव मोठं आहे म्हणूनच जावंसं वाटतं हेही खरं. पण मी फळ्यावर अन्नपूर्णा काढली नव्हती. पोरं अजून भेटली की विचारतात, बाई गेलात का. आता ती पोरं बापे झालीत. दगड आणि पताका तर दगड आणि पताका. काला पत्थरचं वर गेल्यावर बघीन, पायात राहिलं तर.

ऑक्टोबर पक्का करतेय. ठाणेकर, अजून तीन गोष्टी. सराव काय वाढवू? इन्शुरन्सचं काय? आणि नेपाळला आधार कार्ड चालतं का, पासपोर्टची मुदत संपलीय.

ठाण्याचा_पेन्शनर

ताई, चढण्याचा सराव तुमचा आहेच, उतरण्याचा करा. अजिंक्यतारा उतरताना पाठीवर चार-पाच किलो घ्या आणि दोन काठ्या आत्तापासून वापरायला लागा, तिथे जाऊन पहिल्यांदा हातात धरल्या की त्याच पायात येतात. आठवड्यातून एकदा सलग सहा-सात तास चाला, चढ नसला तरी चालेल, यवतेश्वरहून कासकडे जा नि परत या. आपला ट्रेक हा एका दिवसाच्या दमाचा नाही, रोज उठून परत चालण्याचा आहे. सुनेने पाठवलेले बूट आत्ताच घ्या, पावसाळ्यात झिजवा, बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. वाटेत खेचरं आणि झोप्क्यो (याक-गाईचं मिश्र जनावर) येतात, तेव्हा डोंगराच्या बाजूला अंग चिकटवून उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही.

इन्शुरन्सच्या कागदात तीन गोष्टी बघा : वयाची अट, किती मीटर उंचीपर्यंत कव्हर आहे (सहा हजार लिहिलेलं हवं), आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरलाय का. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत उंच ट्रेकिंग बहुतेक वेळा नसतंच. २०१८ मध्ये नेपाळात खोट्या हेलिकॉप्टर रेस्क्यूचा घोटाळा बाहेर आला होता, किरकोळ डोकेदुखीला हेलिकॉप्टर बोलवायचं आणि बिल विमा कंपनीला. म्हणून गरज नसताना कोणी आग्रह केला तर आधी कंपनीच्या नंबरवर फोन. खरी गरज असेल तर अर्थात मागेपुढे बघू नका.

आधारचं म्हणाल तर नेपाळसाठी ते १५ च्या आतल्या आणि ६५ च्या पुढच्यांनाच चालतं, मी पासपोर्टच नेला होता. तुम्हाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागेल, व्हिसा नाही. मतदार कार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव तंतोतंत जुळतंय ना ते बघा, आपल्याकडे माहेरचं-सासरचं करून त्यात हमखास गोंधळ असतो. वेळ आहे तोवर पासपोर्टच रिन्यू करून टाका. परमिटला सार्क देशांसाठी फी कमी आहे, एजन्सीने परदेशी लोकांचा दर लावला तर विचारा.

आणि मुलाला सांगा, लुक्ला ते नामचे बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज असते, त्यामुळे रोजचा फोन काही चुकणार नाही.

डॉ_नाशिककर

अम्लोडिपिन असेल तर काळजीचं कारण दिसत नाही. पायाला सूज येते का तेवढं बघा, काहींना त्या गोळीने येते, उंचीवरही येते, मग कशाची कुठली ते कळत नाही. स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट आला की इथे लिहा.