मदत हवी आहे : जुनं मोटरहोम (ब्रिटन) – सहा बर्थचं कोचबिल्ट की व्हॅन कन्व्हर्जन?

नमस्कार मंडळी,

आम्ही लेस्टरला राहतो. जुनं मोटरहोम घ्यायचं हे पक्कं झालंय, पण कुठलं यावर घरात अजून एकमत नाही. ब्रिटनमध्ये किंवा युरोपात स्वतःचं मोटरहोम वापरणारे कोणी इथे असतील तर कृपया सविस्तर लिहा. रक्कम मोठी आहे आणि घाईघाईत निर्णय घ्यायचा नाहीये.

आधी वापर सांगते. आमची दोघांची कामं बरीचशी घरूनच चालतात, त्यामुळे जोडून सुट्टी आली की लेक डिस्ट्रिक्ट किंवा वेल्स, शाळेला सुट्टी लागली की स्कॉटलंड, आणि उन्हाळ्यात फेरीने फ्रान्स-स्पेन असा बेत आहे. म्हणजे गाडी दारात उभी राहणार नाही, भरपूर पळणार. मुलगा दहा वर्षांचा. उन्हाळ्यात साताऱ्याहून आई येते, तिचे गुडघे दुखतात. तिला रात्री उठून शिडी चढ-उतर करायला लागू नये आणि टॉयलेट आतच असावं, ही माझी अट.

दोन गाड्या मनात भरल्या आहेत. पहिली २०१३ ची कोचबिल्ट, म्हणजे फियाटच्या डुकाटो व्हॅनच्या सांगाड्यावर वेगळं घर बांधलेली. सहा बर्थ, ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठा पलंग, मागे यू आकाराची बैठक. ३४ हजार पौंड सांगताहेत. दुसरी २०१७ ची डुकाटोचीच लांब व्हॅन, आतून घर केलेली, ४० हजार पौंड. नवऱ्याचं मत पहिलीला. तो म्हणतो, आईंना हातपाय पसरून झोपता आलं पाहिजे, आणि ते मलाही पटतं.

मला भीती वजनाची वाटते. भारतीय लायसन्स इथे एक वर्षच चालतं आणि सरळ बदलूनही मिळत नाही, म्हणून आम्ही दोघांनी इथेच परीक्षा दिली. १९९७ च्या आधी पास झालेल्यांना ७.५ टनांपर्यंतची मुभा आहे, आम्हाला ३५०० किलोच्या वर जाता येत नाही. पहिल्या गाडीच्या माहितीपत्रकात तयार गाडीचं वजन ३०६० किलो दिलंय, त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर धरलेला आहे. उरले ४४०. मी, आई आणि मुलगा मिळून १६०. पाण्याची टाकी भरली की १००. ऑनिंग (गाडीबाहेर ओढायचं कापडी छत) ३०, दुसरी बॅटरी २५, सायकली आणि त्यांचा रॅक ५०. मग राहतात ७५ किलो, आणि त्यात चौघांचे कपडे, पांघरुणं, टेबल-खुर्च्या, कुकर, तांदूळ-पीठ, लॅपटॉप, सगळं बसवायचं. माझा हिशोब कुठे चुकतोय का?

दुसरी काळजी ओलीची. याआधी पाहिलेली एक गाडी आम्ही त्यापायीच सोडली. मागच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबला तर भिंतीची फळी भिजलेल्या बिस्किटासारखी आत गेली, आणि विकणारा म्हणाला, ‘श्वासाची वाफ धरते हो थंडीत’. या २०१३ च्या गाडीचा ओलीचा तपासणी अहवाल दोन वर्षांपूर्वीचा आहे. तेवढ्यावर विसंबावं का?

प्रतिसाद

ताई, हिशोब अजिबात चुकलेला नाही. उलट तुम्ही सौम्यच धरलंय. माहितीपत्रकातलं वजन कारखान्यातून निघालेल्या गाडीचं असतं. नंतर बसवलेलं सोलर पॅनल, टीव्ही, टोबार (ट्रेलर जोडायचा दांडा) त्यात नसतं. शिवाय त्या आकड्यात पाणी किती धरलंय हे कंपनीगणिक बदलतं, काही जण पूर्ण टाकी धरतात, काही जण जेमतेम. म्हणून कागद सोडा आणि गाडी काट्यावर न्या. सार्वजनिक वजनकाटे सगळीकडे आहेत, थोडेसेच पैसे लागतात. ज्याला खरंच विकायचीय तो नाही म्हणणार नाही.

काट्यावर पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा मोजून घ्या. गाडीच्या पाटीवर चार आकडे असतात : एकूण वजन, ट्रेलरसकट वजन, पुढच्या आसाची मर्यादा आणि मागच्या आसाची. यू आकाराच्या बैठकीच्या गाड्यांत मागच्या चाकांपलीकडे बरंच धूड लोंबतं. त्याच्याही मागे सायकली टांगल्या की एकूण वजन मर्यादेत आणि मागचा आस बाहेर, असं सहज होतं. आमच्या गाडीत हेच निघालं, तेव्हा सायकली घरी राहिल्या. पाणी मात्र वाटेत पाचदहा लिटरच ठेवा, मुक्कामावर भरा. तिथेच तुमचे ९० किलो सुटतात.

कोणी म्हणेल, कागदोपत्री मर्यादा ३८५० करून घ्या. तसं करता येतं, पण मग तुम्हाला सी-वन, म्हणजे ३५०० किलोच्या वरच्या गाड्यांचं लायसन्स लागेल, म्हणजे डॉक्टरी तपासणी, लेखी आणि गाडीची परीक्षा.

ओलीबद्दल : दोन वर्षांत दोन हिवाळे होऊन गेले, तो अहवाल जुनाच म्हणायचा. नवीन तपासणी करून घ्या आणि प्रत्येक जागेचा आकडा लिहून मागा. १५ टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त, १५ ते २० असेल तर लक्ष ठेवायचं, २० च्या वर दुरुस्ती धरूनच भाव करायचा. ३० च्या आसपास असेल तर आतलं लाकूड गेलंय, तिथून निघायचं. वाफेची ओल गाडीभर पसरलेली असते आणि उन्हात सुकते. एकाच कोपऱ्यात मुरलेली ओल ही गळतीच.

आणि सहा बर्थ म्हणजे सहा सीटबेल्ट नव्हेत. बेल्ट स्वतः मोजा. आडव्या सोफ्यावर आईंना बसवून नेऊ नका.

प्रतिसाद

माझं मत व्हॅनला. तुम्ही खूप फिरणार म्हणताय म्हणून. डुकाटो व्हॅनची रुंदी २.०५ मीटर, कोचबिल्ट २.३ च्या घरात जाते. हायलँड्समध्ये एकेरी रस्त्यावर समोरून गाडी आली आणि पासिंग प्लेसपर्यंत मागे जायची वेळ आली की हा वीतभर फरक कळतो. ॲपलक्रॉसच्या घाटात तर मोठ्या गाड्यांनी जाऊ नये अशी पाटीच आहे.

दुसरं, २०१३ ची डिझेल म्हणजे युरो ५, जुन्या प्रदूषण-मानकाची. २०२३ च्या ऑगस्टपासून लंडनचे सगळे बरो (पालिका विभाग) यूलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणाऱ्या पट्ट्यात आलेत, अशा गाडीला रोजचे साडेबारा पौंड. हॅरो-वेम्बलीकडे नातेवाईक असतील तर प्रत्येक भेटीला ते मोजायचे. ग्लासगो आणि एडिनबरोच्या मध्यभागात अशा गाडीला थेट दंडच आहे. तुमची २०१७ ची युरो ६ आहे का तेवढं कागदावर बघून घ्या.

पण खरं सांगायचं तर चौघांना, त्यात आजी, व्हॅन अडचणीची होईल. एक जण उठला की बाकीच्यांनी पाय वर घ्यायचे. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, सतराअठरा लिटरची, चौघांत दीड-दोन दिवसांत रिकामी करावी लागते.

प्रतिसाद

आम्ही जर्मनीत आहोत. तुम्ही दोन टोकांच्या गाड्या बघताय, मधली का नाही? डोक्यावर फुगा नसलेली लो प्रोफाइल, मागे कायमचा पलंग आणि पुढे बैठकीवर छतातून खाली येणारा दुसरा. आई मागच्या पलंगावर, तुम्ही पुढे. रोज रात्री गाद्या-उशांची जुळवाजुळव नाही. मुलाची सोय मात्र बघावी लागेल, आमचा बैठकीवर झोपतो. लांबी सात मीटरच्या आसपास जाते, आणि वजनाचा प्रश्न तिथेही सुटत नाही, तो काट्यावरच बघायचा.

घेण्याआधी तशीच रचना असलेली गाडी आठवडाभर भाड्याने घ्या, आई आल्यावर. मागचा पलंग पुष्कळदा उंच असतो, खाली सामानाचा कप्पा असतो म्हणून. दोन पायऱ्या त्यांना जमतात का ते फोटो बघून कळणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मागचा आस आणि बेल्ट या दोन्ही गोष्टी आमच्या डोक्यातच आल्या नव्हत्या. विक्रेत्याला फोन केला. बेल्ट चारच आहेत. काट्यावर न्यायला तो आधी कां-कूं करत होता, आता शनिवारी तयार झालाय, पण यूलेझचं वाचून नवराही डळमळलाय. लो प्रोफाइल, युरो ६, आईच्या गुडघ्यांना झेपेल एवढ्या उंचीचा पलंग, असा शोध सुरू केलाय. यातल्या बहुतेक डुकाटोवरच दिसतात. इंजिनाकडे काय बघायचं?

प्रतिसाद

टायमिंग बेल्ट. ही मोटरहोम कमी पळालेली असतात, म्हणून मालक म्हणतो मैल झालेच नाहीत. बेल्ट वयानेही संपतो, बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च भावातून कापून घ्या. २००६ ते २०१४ च्या गाडीत बॉनेट उघडून काचेखालचं पाणी इंजेक्टरवर ठिबकतंय का बघा, तिथे गंज दिसतो. टायरवर चार आकडे असतात, २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी त्या वयाचे टायर घालून स्पेनला जाऊ नका. आणि गाडीच्या नंबरावरून एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, सगळा इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो, बघायला निघण्याआधी तो वाचा.