माळव्यातले सोयाबीन-गहू चक्र: शेतीच्या मूळ रीतीपासून घसरण की सुधारणा?

रामबागकर
इंदूर-देवास-उज्जैन पट्ट्यात पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू, बहुतेक एवढीच शेती उरली आहे. माझे म्हणणे असे की ही शेतीच्या मूळ स्वभावाविरुद्ध आहे. पश्चिम आशियात १०-११ हजार वर्षांपूर्वी शेतीची सुरुवात ज्या आठ पिकांनी झाली असे मानतात, त्यांत दोन जातींचे गहू आणि जव, मसूर-वाटाणा-हरभरा-कडवा व्हेच (मसुरीसारखे एक कडधान्य) ही चार कडधान्ये आणि जवस होते. म्हणजे धान्य, डाळ आणि तेल, सगळे पहिल्या दिवसापासून सोबत. लांब कशाला, नर्मदाकाठी महेश्वरसमोरच्या नावडातोली या प्राचीन वस्तीला १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने आणि बडोद्याच्या म. स. विद्यापीठाने खणले तेव्हा साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे गहू, तांदूळ, मसूर, मूग, उडीद, वाटाणा, लाख आणि जवस निघाले. मेक्सिकोच्या मिल्पात, म्हणजे तिथल्या पारंपरिक मिश्र शेतात, मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात असतात. आपल्याकडे एकच पीक हजारो एकरांवर सलग पसरले आहे, आणि चक्रभृंग (खोड पोखरणारा भुंगा) व पिवळा मोझॅक (पाने पिवळी करणारा विषाणूरोग) त्याच वाटेने पसरतात.

काळी माती
रामबागकर, कोठारात आठ दाणे सापडले म्हणून ते एकाच शेतात मिसळून पेरले होते हे सिद्ध होत नाही. मसूर एका तुकड्यात आणि जव दुसऱ्यात, तरी घरात दोन्ही येणारच. रानगहू तर मुळातच एकट्याने दाट वाढतो. १९६६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी तुर्कस्तानात गारगोटीच्या पात्याच्या विळ्याने रानटी आइनकॉर्न (गव्हाची एक जुनी जात) कापून पाहिला. तासाला जवळपास किलोभर स्वच्छ दाणे मिळाले. त्यांचा हिशोब असा, की तीन आठवडे कापणी केली तर कुटुंबाची वर्षाची बेगमी होऊन उरेल. माणसाने जे आधी पाहिले ते हे असे सलग उभे गवत.

मिल्पाचेही तेच. मेक्सिकोत भोपळा सुमारे १० हजार वर्षांपूर्वी, मका ९ हजारांच्या आसपास आणि घेवडा त्यानंतर खूप उशिरा माणसाळला. तुम्ही ज्याला मूळ म्हणता तो जोडकाम करत करत जमलेला प्रकार आहे.

आणि मोझॅकवर मूग-उडदाचा उतारा सांगू नका. पांढरी माशी तोच विषाणू मूग-उडदावरही नेते. सोयाबीनमध्ये मूग मिसळलात तर रोगाला आणखी एक घर दिलेत.

राहिला माळवा. सोयाबीन येण्याआधी इथली बरीचशी भारी जमीन खरिपात पडीक असायची, हे विसरलात का? पावसाळाभर बखराच्या पाळ्या घालून तण मारायचे, ओल साठवायची आणि मग त्यावर कोरडवाहू काठ्या (जुन्या कठीण दाण्याचा) गहू किंवा हरभरा. उघड्या भुसभुशीत मातीवर जुलैचा पाऊस पडला की ती सरळ नाल्यात. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीवर जो दीर्घ प्रयोग चालवला आहे, त्यात खरीप पडीक ठेवणाऱ्या रीतीत हेक्टरी साडेसहा टनांच्या आसपास माती वर्षाला वाहून गेली, तर सुधारित रीतीत दीड टन. सोयाबीनने माळव्याची जमीन झाकली.

तिफण
काळी माती, आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच सांगितलेत. त्या प्रयोगातला 'सुधारित' तुकडा निव्वळ सोयाबीनचा नव्हता. रुंद वरंबा-सरी करून त्यावर ज्वारी किंवा मक्यात तूर, अशी जोडपिके तिथे घेतात. धान्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी ५ टनांच्या घरात, पडीक रीतीत एक टनाच्या जवळपास. म्हणजे तुमचाच पुरावा रामबागकरांच्या बाजूने बोलतो.

वरंब्याबद्दल एवढे सांगतो. भारी मातीत सोयाबीन पिवळे पडते ते बहुतेकदा पाणी साचून. मुळांना हवा मिळाली नाही की त्यांच्यावरच्या नत्र धरणाऱ्या गाठी काम करत नाहीत आणि नत्र असूनही पान फिकट राहते. लोक त्यावर युरिया टाकतात, तिथे सरी मोकळी करायला हवी. सपाट पेरणी करून नंतर दोष पिकाला देण्यात अर्थ नाही.

शेणखत
पिके किती यावर वाद घालताय आणि एप्रिलमध्ये गव्हाची नरवाई (कापणीनंतर उरलेली खुंटे-काड) पेटते त्यावर कोणी बोलत नाही! याच इंदुरात कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कपाशीच्या पळाट्यांपासून खत करायची रीत बसवली, १९३१ मध्ये ती पुस्तकात आली आणि जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली गेली. दोन फूट खोल उथळ खड्डा, काडीकचरा, शेण, मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर, ओल पिळलेल्या फडक्याइतकी, तीन वेळा पलटी, तीन महिन्यांत खत. बिघडते ते दोन कारणांनी: पाणी जास्त झाले की हवा अडून ढीग कुजका वास मारतो, आणि नुसते गव्हाचे काड घातले तर नत्राअभावी ते महिनोन्महिने तसेच पडते. कपाशी गेली, पळाट्या गेल्या, बैल गेले. रीत मात्र अजून चालते.

काळी माती
शेणखत, मुद्दा खरा आहे, पण एकरभर काड गोळा करायला मजूर कुठून आणणार ते सांगा. आता काड जागीच चिरणारे यंत्र लागते.

तिफण, जोडपिकाला माझा विरोध नाही. फक्त ते शेतात उतरवताना काय होते ते बघा. खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेची शिफारस चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर अशी आहे, तीही कोरडवाहू जमिनीसाठी. सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये काढणीला येते, तूर जानेवारीपर्यंत उभी. मधल्या ओळींवर कंबाईन (कापणी-मळणी यंत्र) घालता येत नाही, हाताने कापावे लागते. आणि सोयाबीन थांबत नाही. शेंग वाळली की उकलते. आपण गहू माणसाळवताना कणीस न फुटणारी रोपे निवडत गेलो, तसे सोयाबीनचेही झाले आहे, पण ते काम पुरते झालेले नाही. चार दिवस उशीर झाला आणि वर ऊन तापले तर दाणा जमिनीवर.

रामबागकर
मग मका घ्या. ओलिताखाली सोयाबीन आणि मका ४:२ हीसुद्धा त्याच संस्थेची शिफारस आहे. मका सोयाबीनच्या आगेमागेच निघतो, रान वेळेवर मोकळे होते आणि नोव्हेंबरातला गहू चुकत नाही. सोयाबीन पेरताना नेहमीची काळजी घ्या: १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खाली गेल्यावरच पेरणी, खोली ३ सेंटिमीटर, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर, उगवण किमान ७० टक्के तपासलेले बियाणे. या दाण्याची साल पातळ असते. पोते उंचावरून आपटले तरी उगवण घटते.

तिफण
आणि कोरडवाहूवाल्यांनी तूरच ठेवावी, त्यांचा गहू तसाही होत नाही. फक्त गावात एकट्यानेच तूर लावू नका. डिसेंबरात आजूबाजूचे रान मोकळे झाले की रोजड्यांचा (नीलगायींचा) कळप त्याच दोन ओळींवर येतो. दहा-बारा शेतांनी मिळून सलग पट्टा धरला आणि आळीपाळीने राखण केली तर निभावते.

काळी माती
दहा-बारा शेतांचे सलग तुरीचे पट्टे? रामबागकर, ऐकताय ना!