रूट कॅनालनंतर दाढेला कॅप: किती दिवसांत, कोणती, आणि बसवताना काय बघायचं?

कृष्णाकाठ (सांगली)

आईच्या (वय ६१) खालच्या डाव्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल पूर्ण होऊन २० दिवस झाले. वर अजून पांढरं तात्पुरतं सिमेंटच आहे. जिभेकडची भिंत शाबूत आहे, गालाकडची हिरडीच्या वर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर उरलीय. दुखत नाही, म्हणून आईचं म्हणणं दिवाळीनंतर बघू. थांबलं तर चालेल का? झिर्कोनिया (धातूविना, पांढरी) घ्यावी की सिरॅमिक-मेटल (आत धातू, वर सिरॅमिक)? आणि कॅप नीट बसली की नाही हे आपल्याला कसं कळावं?

दंतवैद्य_मिरज

थांबू नका. दुखत नाही यावर विसंबण्यात अर्थ नाही, कारण आतून कळ देणारी नसच काढलेली आहे.

तात्पुरतं सिमेंट तीन-चार आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की कडेने लाळ आत झिरपते. असे काही महिने गेले तर मुळातलं भरण पुन्हा दूषित होतं आणि सगळं रूट कॅनाल नव्याने करावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे दाढ चिरणं. 'नस काढली की दात सुकून ठिसूळ होतो' असं सगळे म्हणतात, पण खरं कारण वेगळं आहे. कीड आणि रूट कॅनालसाठी पाडलेलं भोक यांत दाढेचं छप्पर जातं, मग चावताना उरलेल्या भिंती बाहेरच्या बाजूला वाकतात. कॅप त्या भिंतींना चारी बाजूंनी कवेत धरते. चीर वरच्या भागात असेल तर दाढ वाचवता येते. मुळापर्यंत उभी उतरली तर दाढ काढण्यावाचून इलाज नाही.

आधी तात्पुरतं सिमेंट पूर्ण काढून कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या पक्क्या भरणाने) गाभा भरायचा, मगच कॅपसाठी दाढ घासून लहान करायची. कॅपच्या कडेच्या वर दाताची स्वतःची भिंत चहूबाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर लागते. कॅप खरी त्या पट्ट्यावर तगते, भरलेल्या गाभ्यावर नाही. तुमची गालाकडची बाजू अगदी काठावर आहे, म्हणून डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा. कमी पडत असेल तर हिरडी थोडी खाली घेऊन दात उघडा करता येतो. पोस्ट (मुळात बसवायची बारीक काडी) दाताला बळकट करतो हा गैरसमज आहे. तो फक्त गाभा धरून ठेवतो. दाढेत गाभ्याला आतूनच भरपूर जागा मिळते, तिथे पोस्ट क्वचितच लागतो.

लॅबवाला (विश्रामबाग)

प्रकाराबद्दल. दाढेला एकसंध झिर्कोनिया उत्तम. वर एक ते दीड मिलिमीटर जागा पुरते आणि सिरॅमिकचा टवका उडायचा प्रश्न राहत नाही. सिरॅमिक-मेटलला वर दीड ते दोन मिलिमीटर घासावं लागतं, आणि काही वर्षांनी हिरडीशी काळपट रेघ दिसू शकते. पण ती वाईट नव्हे. नीट बनवली तर वर्षानुवर्षे चालते. दाढ बुटकी असेल आणि दिसण्याची फिकीर नसेल तर पूर्ण धातूचीही चांगली. खोट्या दागिन्यांनी आईंच्या कानाला खाज येत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. स्वस्त धातूत निकेल असतं; मग निकेलविरहित कोबाल्ट-क्रोम किंवा झिर्कोनिया घ्या.

लोक वॉरंटी कार्डावरची वर्षं मोजतात. कॅप बिघडते ती बहुधा मापात. माप घेताना हिरडीत दोरा घालून कड उघडी केली नाही, किंवा रक्त-लाळ राहिली, तर नेमकी कडेवरच पोकळी येते आणि आम्हाला कड अंदाजाने आखावी लागते. अल्जिनेटच्या (पावडर पाण्यात कालवून घेतलेल्या) मापात दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टर ओतलं नाही तर ते आकसतं. ते एसटीच्या पार्सलने जत किंवा आटपाडीहून सांगलीला येईपर्यंत कामातून गेलेलं असतं. कॅपसाठी पुट्टी (घट्ट सिलिकॉन) आणि पातळ सिलिकॉनचं माप, नाहीतर स्कॅन, हेच मागा.

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही आभार. बसवतानाचं आणि माप दिल्यापासून पक्की कॅप येईपर्यंतच्या मधल्या आठवड्याचंही सांगाल का?

दंतवैद्य_मिरज

सिमेंट लावायच्या आधी चार गोष्टी तपासून घ्या.

शेजारच्या दातांमधून फ्लॉस (दातांच्या फटीत घालायचा दोरा) थोडा अडून 'टक्' करून जायला हवा. सहज सरकला तर तिथे अन्न अडकणार, अजिबात गेला नाही तर कॅप पूर्ण खाली बसलेली नसू शकते. प्रोब (टोकदार तपासणीचं हत्यार) कडेवरून फिरवताना पायरी लागता कामा नये. आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्स-रे) काढला तर दोन दातांमधल्या कडा दिसतात. शेवटी निळा कागद चावायला देऊन उंची बघतात. भूल दिली असेल तर चावा नीट कळत नाही, म्हणून भूल उतरल्यावर कॅप इतर दातांच्या आधी लागतेय असं वाटलं तर दुसऱ्याच दिवशी जा. सवय होईल म्हणून सोडू नका: नस गेली तरी मुळाभोवतीचा पडदा जिवंत असतो आणि तोच ठणकतो. झिर्कोनिया घासून कमी केली तर पॉलिश झालंच पाहिजे. खरखरीत राहिली तर वरची दाढ झिजवते.

मधल्या आठवड्यात प्लास्टिकची तात्पुरती कॅप असेल. हळदीने ती पिवळी पडेल, काळजी नको. बेदाणे, चिक्की, ऊस मात्र त्या बाजूने बंद. चिकटून कॅपच उचलली जाते. फ्लॉस वर ओढू नका, बाजूने काढा. ती निघाली तर त्याच दिवशी कळवा, नाहीतर शेजारचे दात सरकतात आणि पक्की कॅप बसत नाही.

पक्की कॅप बसल्यावर २४ तास त्या बाजूने भडंग-शेंगदाणे नकोत. पुढे कधी ती निघाली तर जपून डबीत ठेवा, घरी फेविक्विकने चिकटवू नका. आत कीड नसेल तर तीच पुन्हा बसते.

लॅबवाला (विश्रामबाग)

खर्च जड वाटत असेल तर सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटील अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत. केसपेपर काढताना प्रोस्थोडॉन्टिक्स (कॅप-कवळीचा) विभाग सांगा, आणि रूट कॅनालचे आधीचे आणि नंतरचे एक्स-रे बरोबर न्या.