बीएमआय 24.2 : वजन योग्य की जास्त?

प्रश्न
माझे वय 43, उंची 165 सेंटिमीटर आणि वजन 66 किलो आहे. मोबाइलवरील ॲपमध्ये हे आकडे भरल्यावर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा) 24.2 आला आणि वजन योग्य असल्याचे दिसले. मात्र वार्षिक आरोग्य तपासणीच्या अहवालात त्याच आकड्यापुढे 'वजन जास्त' असा शेरा आहे. हातपाय बारीक आहेत, पोट सुटले आहे आणि वडिलांना मधुमेह आहे. कोणता शेरा ग्राह्य धरावा?

प्रतिसाद 1
सूत्र दोन्हीकडे एकच आहे : किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. फरक आहे तो कुठल्या आकड्यापासून वजन जास्त मानायचे, या मर्यादेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गवारीत 18.5 ते 24.9 हा योग्य पट्टा मानला जातो, परंतु भारतीयांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने कमी बीएमआयलाच दिसू लागत असल्याने 2009 मध्ये आपल्याकडील तज्ज्ञांनी 23 पासून पुढे जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा, अशी मर्यादा सुचवली. तुमच्या उंचीला 23 म्हणजे सुमारे 62.5 किलो. अहवालातील शेराच धरावा.

प्रतिसाद 2
मला तर आकड्यापेक्षा 'हातपाय बारीक, पोट सुटलेले' हे वर्णन अधिक महत्त्वाचे वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अशाच भारतीय शरीररचनेचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला भेद कळत नाही, म्हणून कंबरेचा घेर मोजलाच पाहिजे. भारतीय पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा आहे.

प्रश्नकर्ता
मला 34 इंची पँट लागते, म्हणजे सुमारे 86 सेंटिमीटर. मग मी मर्यादेच्या आतच आहे ना?

प्रतिसाद 2
नाही, असे गृहीत धरू नका. पोट सुटलेली माणसे पँट पोटाच्या खाली बांधतात, त्यामुळे तो आकडा फसवा असतो. शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता टेप लावावी.

प्रतिसाद 3
वडिलांना मधुमेह असल्याने घेर कितीही भरला तरी उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) आणि रक्तदाब तपासून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वजन उतरवण्यासाठी जेवण सोडू नका. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि बारीक हातपाय आणखी बारीक होतात. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताकद लावणारे व्यायाम करावेत आणि भात-पोळी थोडी कमी करून डाळी, उसळी, दही यांचे प्रमाण वाढवावे. घरातील वृद्धांना आणि गर्भवतींना मात्र हेच आकडे लावू नयेत. त्यांच्याबाबतीत डॉक्टरांनाच विचारावे.