सुपरझूम कॅमेरा: लांबचा पक्षी दिसतो, पण फोटो मिळतो का?

माळटिटवी:
निकॉन कूलपिक्स पी ९५० हा सुपरझूम कॅमेरा हातात येऊन तीन आठवडे झाले. दोनदा भिगवण (उजनी धरणाचं पाणी), रोज सकाळी घरामागचा माळ आणि एक पौर्णिमा, एवढा वापर झालाय. माझं मत ठरलंय. ज्याला पक्षी ओळखायचे आहेत, नोंदी ठेवायच्या आहेत आणि पक्ष्याला न उठवता बघायचं आहे, त्याने हाच घ्यावा. डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आणि मोठ्या लेन्सच्या मागे लागू नये.

भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावर साठ-सत्तर पावलांवर एक चिखल्या पक्षी चरत होता. डोळ्यांना फक्त हलणारा ठिपका. झूम २००० मिमीवर नेलं तर पायात रंगीत पट्टी! पट्टीवरची दोन अक्षरं स्वच्छ वाचता आली, तिसरं चिखलाने माखलेलं. तो चार पावलं पाण्यातून चालून येईपर्यंत मी श्वास रोखून बसले होते, मग तिसरंही मिळालं. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सारख्या संस्था पक्ष्यांच्या पायात कडी किंवा पट्ट्या घालतात, आणि अशा कुणाच्या तरी नजरेस पडलेल्या अक्षरांवरूनच तो कुठून आला ते कळतं. पक्षी शेवटपर्यंत उडाला नाही.

आता सोबतच्या वस्तू. सर्वात कामाची ठरली ती घरी शिवलेली बीनबॅग. जुन्या जीन्सचा एक पाय कापला, आत सव्वा किलो राजमा भरला, तोंड शिवलं. बांधावर, गाडीच्या खिडकीवर, होडीच्या काठावर कुठेही बसते. तांदूळ भरू नका, दमट हवेत किडे होतात. जादा बॅटरी हवीच, कारण कंपनीच्या मोजणीतच एका चार्जवर २९० च्या आसपास फोटो निघतात आणि व्हिडिओ काढला की त्याहून कमी. बॅटरी कॅमेऱ्यात ठेवूनच चार्ज होते, त्यामुळे वेगळा चार्जरही घ्या, नाहीतर एक बॅटरी भरेपर्यंत कॅमेरा अडकून पडतो. दुकानदाराने गळ्यात मारलेला ६७ मिमीचा स्वस्त यूव्ही फिल्टर मात्र काढून टाकलाय. पूर्ण झूमवर पिसं लोण्यासारखी दिसत होती, काढल्यावर लगेच फरक पडला.

लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. दाबून धरलं की दृश्य रुंद होतं, सोडलं की पुन्हा होतं तिथे. फांद्यांत हरवलेला पक्षी शोधायला याच्याइतकी सोय नाही.

जुना रोलवाला:
ताई, नोंद मोलाची आहे, अभिनंदन. पण "डीएसएलआरच्या मागे लागू नये" हा सल्ला नवख्यांना चुकीच्या वाटेला लावेल, म्हणून सविस्तर लिहितो.

२००० मिमी हा आकडा तुलनेसाठी आहे. लेन्सची खरी लांबी ३५७ मिमी. मागचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) १/२.३ इंचाचा, म्हणजे साधारण २८ चौरस मिमी. साध्या डीएसएलआरचा एपीएस-सी सेन्सर ३६७ चौरस मिमीच्या घरात, म्हणजे तेरा पट. पहाटेच्या उजेडात, रानात, ढगाळ दिवशी हा फरक पिसापिसांत दिसतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवला की लहान सेन्सरवर पिसांचा पोत आधी जातो, मग रंग. शिवाय पूर्ण झूमवर प्रकाश आत घेणारं छिद्र एफ/६.५ असतं. तिथे प्रकाश पसरून प्रत्येक बिंदूचा साधारण ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होतो आणि सेन्सरचा पिक्सेल जेमतेम १.३ मायक्रॉनचा. १६ मेगापिक्सेल लिहिलेत, पण तेवढा तपशील लेन्समधून येतच नाही.

आणि उडणारा पक्षी? नदी सुरय पाण्यावर सूर मारतो तो क्षण मी जुन्या डीएसएलआर आणि ७०-३०० मिमीच्या लेन्सवर कित्येकदा पकडलाय. सुपरझूमचा फोकस तिथे मागे राहतो. सेकंदाला सात फोटो निघतात खरे, पण मूठभर फोटोंनंतर कॅमेरा लिहीत बसतो. वापरलेली डीएसएलआर आणि तीच लेन्स आज एवढ्याच पैशात मिळते.

मनोऱ्यावरून:
मी नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला नेहमी जातो. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते. तिथे मनोऱ्यावर उभं राहिलं की पक्षी दूर पाण्यात. ३०० मिमीची लेन्स तिथे पाणी दाखवते, पक्षी नाही. ताईंना माझं अनुमोदन.

माळटिटवी:
रोलवाले काका, सेन्सरचा आकडा बरोबर आहे, पण लांबच्या पक्ष्यासाठी हिशोब पुढे न्यायला हवा. तुमची ३०० मिमीची लेन्स एपीएस-सीवर ४५० मिमीसारखी. माझ्या चौकटीइतका पक्षी हवा तर तुम्हाला दोन्ही बाजूंनी ४.४ पट कापावं लागेल. २४ मेगापिक्सेलमधले उरतात सव्वा.

प्रकाशाचंही तसंच. त्या लांबच्या पक्ष्याकडून किती प्रकाश येणार हे लेन्सच्या छिद्राच्या व्यासावर ठरतं. लेन्सची खरी लांबी भागिले एफचा आकडा म्हणजे हा व्यास. माझं ३५७ भागिले ६.५ म्हणजे ५५ मिमी. तुमचं ३०० भागिले ५.६ म्हणजे ५४ मिमी. त्या चिखल्याकडून दोघांनाही सारखाच प्रकाश मिळाला. तुम्ही तो मोठ्या सेन्सरच्या एका कोपऱ्यात साठवला, मी लहान सेन्सरभर.

जुना रोलवाला:
हा हिशोब मान्य करतो, व्यासाकडे मी या बाजूने पाहिलं नव्हतं. पण तो लागू होतो फक्त पक्षी लांब असेपर्यंत. तोच पक्षी पंधरा पावलांवर आला, माझी चौकट भरली, की मोठा सेन्सर पूर्ण कामाला लागतो आणि तिथे तुमचा कॅमेरा पोचत नाही. १५०-६०० लेन्स घेतली तर छिद्र ९५ मिमीचं होतं, तुमच्या तिप्पट प्रकाश. किंमत आणि दोन किलो वजन हे तिचे तोटे, नाकारत नाही.

खाडीकिनारा:
माझ्याकडे पी १००० आहे, ३००० मिमीवाला, वजन १४१५ ग्रॅम. चंद्र वरपासून खालपर्यंत चौकट भरतो, तो आनंद वेगळाच. पण पक्ष्यांसाठी ३००० क्वचितच वापरतो. ठाण्याच्या खाडीत दहा वाजले की चिखलावरची हवा थरथरायला लागते आणि रोहित पक्ष्यांचे पाय नागमोडी येतात. त्यावर कुठलीही लेन्स, कुठलाही ट्रायपॉड चालत नाही. सकाळचे पहिले दोन तास, बस्स. ट्रायपॉड घ्यायचा तर डोकं जड आणि तेलासारखं संथ फिरणारं घ्या, हलक्या डोक्यावर शटर दाबलं तरी चित्र नाचतं. मी दोन सेकंदांचा टायमर लावतो. आणि सूर्यावर रोखायचा असेल तर पुढे खास सोलर फिल्टर लावल्याशिवाय कधीच नाही.

बॅकवॉटर:
मी भिगवणच्या पाण्यात होडी चालवतो. कॅमेऱ्यातलं मला कळत नाही, पण एक सांगायचं आहे. लहान लेन्सवाले पाहुणे होडीत बसले की "दादा, अजून थोडं पुढे घ्या" सुरू होतं. पुढे घेतलं की रोहितांचा थवा चरणं सोडून माना वर करतो आणि मग उठतो. एकदा उठला की तासभर तिकडे फिरकत नाही, मागच्या तीन होड्यांना काहीच दिसत नाही. काही जण तर उडतानाचा फोटो हवा म्हणून मुद्दाम उठवायला सांगतात. मी नाही म्हणतो, मग बक्षिशी जाते. लांब झूमवाले पाहुणे "इथेच थांबा, दांडा टेकवा" म्हणतात. होडी थांबली की पाखरं स्वतःच चरत चरत जवळ येतात.

माळटिटवी:
दादा, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत.

जुना रोलवाला:
दादांचं म्हणणं मनाला लागलं. "पुढे घ्या" मीही म्हटलं आहे. आता म्हणणार नाही. पण थांबलेल्या होडीतूनही सुरय डोक्यावरून जातो, आणि त्याच्यासाठी माझं मत बदललेलं नाही. ताई, पुढच्या शनिवारी कुंभारगावला या. एकाच होडीतून, एकाच पक्ष्याचे फोटो दोघांनी काढू, बसलेल्याचे आणि उडत्याचे. कापाकापी न करता दोघांचे इथे टाकू.

माळटिटवी:
येते. साडेसहाला काठावर. राजम्याची एक पिशवी तुमच्यासाठीही शिवून आणते, ७०-३०० लाही टेकू लागतोच.